परदेशांतील बिऱ्हाडीं सहा महिने

परदेशगमन ही आमच्या लहानपणीं वर्तमानपत्रांत अभिनंदनासह छापून येण्याजोगी गोष्ट होती. आज आमच्या शिवाजी पेठेंत निवृत्ति चौकापासून रंकाळ्याच्या कांठापर्यंत कोणी चालत गेला, तर दर दुसऱ्या-तिसऱ्या घरीं कोणी मुलगा, कोणी लेक, कोणी जांवई विलायतेंत, जर्मनींत किंवा अमेरिकेंत असल्याचें त्यास कळेल. मुलांच्या पाठोपाठ वडील मंडळीही निघतात. कोठें बाळंतपण असतें, कोठें नव्या घराची वास्तुशांत, तर कोठें नातवंडांस मराठी बोलतां यावें एवढाच हेतु. निमित्त कांहींही असो, मुक्काम लांबतो. पूर्वी काशीयात्रेस निघालेलीं माणसें चार-सहा महिन्यांनीं परतत. आजचे वडीलही तितक्याच काळानें परततात. फरक इतकाच कीं काशीस काय पाहावयाचें तें त्यांस आधीं ठाऊक असे.

पहिला महिना बरा जातो. थोर राजवाडे, उंच मनोरे, प्रसिद्ध धबधबे हीं सर्व पाहून होतात, छायाचित्रें घरीं पोंचतात आणि शेजारीपाजारी धन्य होतात. खरा मुक्काम सुरू होतो तो दुसऱ्या महिन्यापासून. आमच्या पेठेंतीलच एका बाईंनीं लंडनच्या एका उपनगरांतून आम्हांस लिहिलेलें पत्र पुढ्यांत आहे. त्या लिहितात, "मास्तर, सकाळीं आठाला मुलगा आणि सूनबाई कामावर जातात, नात शाळेंत जाते. मग घरांत आम्ही दोघें आणि भांडीं धुण्याचें यंत्र. सूनबाईंनीं कशांत कांहीं कमी केलेलें नाहीं. रविवारीं गाडींतून फिरवून आणतात. राजवाडा पाहिला, मेणाचे पुतळे पाहिले, तें मोठें चक्रही पाहिलें. आतां हे म्हणतात, तिकीट अलीकडचें घ्या, आपण घरीं जाऊं. मुलाच्या मनानें घेतलें आहे कीं आपलेंच कांहीं चुकलें. तो जेवतांना बोलत नाहीं. येथें आमच्यासारख्यांनीं पाहावें असें दुसरें कांहीं आहे कीं नाहीं, तें आपण सांगावें."

पत्र वाचून प्रथम असें वाटतें कीं गृहस्थांस घरची ओढ लागली. आमचें मत निराळें आहे. ज्या माणसानें चाळीस वर्षें स्वतःचें घर चालविलें, पाहुण्यांस अंबाबाईचें दर्शन घडविलें, पन्हाळा दाखविला, त्यास आतां कोणी तरी गाडींत बसवून नेतो आणि गाडींत बसवून परत आणतो. कोठें जावयाचें हें दुसऱ्यानें ठरविलेलें, काय खावयाचें तेंही दुसऱ्यानें. अशा पाहुणचारानें मन विटतें. त्यावर उपाय एकच, कीं मुलास आणि सुनेस ठाऊक नाहीं असें एखादें स्थळ आपण शोधून काढावें आणि एका रविवारीं त्यांस तेथें घेऊन जावें. एक दिवसापुरतें यजमानपण आपल्याकडे घ्यावें. जेवणाच्या टेबलावरची अर्धी कोंडी एवढ्यानें फुटते.

स्थळ शोधावें कसें? मार्गदर्शक पुस्तकें येथें फारशीं उपयोगीं पडत नाहींत, कारण त्यांतील स्थळें सर्वांसाठीं असतात. आपण निराळा प्रश्न विचारावा, तो असा कीं या गांवीं आपल्याकडचें माणूस पूर्वी कधीं आलें होतें काय, आणि आलें असल्यास तें कोठें राहिलें, कशासाठीं राहिलें, कोठें निमालें? हा प्रश्न शक्य तर निघण्यापूर्वी घरींच विचारावा. आमच्या गांवीं १८५० सालीं स्थापन झालेलें करवीर नगर वाचन मंदिर आहे. तेथील चरित्रांच्या कपाटासमोर चार दुपारी घालवल्या तर पुढील सहा महिन्यांची शिदोरी मिळते. तेथें पोंचल्यावर गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत जावें. इंग्लंड-अमेरिकेंतील बहुतेक वाचनालयांत त्या गांवच्या इतिहासाचें निराळें कपाट असतें, आणि म्हाताऱ्या माणसानें जुन्या गोष्टीविषयीं प्रश्न विचारला कीं ग्रंथपालांस आनंद होतो, हें आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे. महायुद्धांत पडलेल्या हिंदी शिपायांचीं नांवें राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधि-मंडळानें संकेतस्थळावर दिलेलीं आहेत. पलटणीचें नांव घालून आपल्या मुलुखाचीं माणसें त्यांत शोधतां येतात. नातवंडास हें काम द्यावें, तें चुटकीसरशी करतें.

आतां या प्रश्नाचें सर्वांत मोठें उत्तर आमच्या कोल्हापूरकरांजवळच आहे, आणि तेंच आम्हांस ठाऊक नसावें याचें नवल वाटतें. इटली देशांत फ्लॉरेन्स नांवाचें शहर आहे. आपले प्रवासी तेथें जातात, मोठा घुमट, जुना पूल आणि मायकेल एंजेलोचा डेव्हिड पाहतात, आणि दीड दिवसांत रोमची गाडी धरतात. त्याच शहराच्या पश्चिम टोकास अर्नो नदीच्या कांठीं करवीरच्या छत्रपतींचें स्मारक आहे.

हे छत्रपति म्हणजे दुसरे राजाराम महाराज. आमचें राजाराम कॉलेज ज्यांच्या नांवानें चालतें ते हेच. ते १८६६ सालीं गादीवर आले. त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें होतें आणि जग पाहण्याची त्यांस हौस होती. समुद्रयान कलिवर्ज्यांत गणण्याचे ते दिवस; आमच्याच पूर्वजांनीं त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. महाराज १८७० सालीं विलायतेस निघाले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, लंडनमध्यें हिंडले, आणि रोज पाहिलेलें रोज इंग्रजींत लिहून ठेवीत गेले. ती रोजनिशी त्यांच्यासमवेत असलेल्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्यानें १८७२ सालीं लंडनमध्यें छापविली. लहान वयाचा राजा परक्या देशांत काय काय कुतूहलानें पाहतो, हें तींत वाचावयास मिळतें. परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृति बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

पुढें जें घडलें तें आमच्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावें. फ्लॉरेन्स तेव्हां इटलीची राजधानी होती. दहनाची चाल त्या देशांत नव्हती. मिलान शहरीं इटलींतील पहिलें दहनगृह झालें तें १८७६ सालीं, म्हणजे यानंतर सहा वर्षांनीं. मृताचा देह उघड्या जागीं जाळावयाचा ही कल्पना तेथील अधिकाऱ्यांस किती विचित्र वाटली असेल! तरीही खास परवानगी मिळविण्यांत आली. महाराजांच्या माणसांनीं जागा निवडली ती अशी, कीं जेथें मुन्योने नांवाची लहान नदी अर्नोस मिळते. परक्या देशांत, परक्या भाषेंत, धनी गेल्याच्या दुःखांतही त्या माणसांस संगमाचें स्मरण राहिलें. आमच्या येथें चिखलीच्या प्रयागास नद्यांचा संगम होतो आणि पुढें पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत. ज्यांनीं तें सर्व पाहिलें होतें, त्यांनींच अर्नोचा तो कांठ ओळखला.

येथें आमच्यांतील जुना संस्कृत मास्तर मध्यें बोलूं पाहतो, त्यास क्षमा असावी. तीर्थ हा शब्द तॄ म्हणजे तरणें, ओलांडणें या धातूपासून झालेला आहे. नदी जेथें उतरून जातां येते तो घाट, तो उतार, असा त्याचा मूळचा साधा अर्थ. पावित्र्य मागाहून आलें. त्या अर्थानें पाहिलें तर अर्नोकांठचा तो उतार तीर्थ खराच.

स्मारक १८७४ सालीं झालें. हिंदी धाटणीची छत्री, तिच्याखालीं महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा, आणि भोंवतीं अनेक भाषांतील लेख. पुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें घडविला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट याचा. हें नांव कोल्हापुरांत अपरिचित नसावें, कारण आमचा टाउन हॉल, १८८४ सालीं पुरा झालेला नवा राजवाडा आणि आज ज्यास आपण सी. पी. आर. म्हणतों तें रुग्णालय, हीं सर्व याच मँट साहेबाच्या कल्पनेंतून उतरलीं. फ्लॉरेन्समध्यें उभा राहून कोल्हापूरकर जर त्या छत्रीकडे नीट पाहील, तर त्यास आपल्या गांवच्या इमारतींची भावंडें ओळखूं येतील. मुलांस हें दाखवावें. त्यांस तेथें बोलावयास विषय मिळतो.

जवळच १९७८ सालीं तारांनीं तोललेला एक मोठा पूल पुरा झाला. त्याचें नांव पोंते अल इंदियानो, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. शहरांतले लोक रोज त्या पुलावरून मोटारी हांकतात. महाराजांचें नांव विरलें आणि तेथील बोलीभाषेंत नुसता 'हिंदी माणूस' उरला, याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें. पण ज्यांच्या गांवीं महाराजांचें कॉलेज आहे त्यांसच ही छत्री ठाऊक नसेल, तर इटलीच्या मोटारवाल्यांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

जाण्याची व्यवस्था अशी. स्मारक कास्चिने नांवाच्या उद्यानाच्या अगदीं पश्चिम टोकास आहे. ट्रामगाडी उद्यानाच्या पूर्व टोकाशीं सोडते, आणि उद्यान नदीच्या कांठाकांठानें कोसभराहून लांब आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीं भाड्याची गाडी करावी. बाकीच्यांनीं सकाळीं सावलीसावलीनें चालत जावें. मंगळवारीं सकाळीं त्या उद्यानांत मोठा बाजार भरतो, तेथें घरच्या स्त्रियांचा वेळ बरा जाईल. पुरुषांचाही जातो, ते कबूल करीत नाहींत, इतकेंच. टोकाकडचा भाग संध्याकाळीं निर्मनुष्य असतो, म्हणून दिवसाउजेडीं परतावें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं इटलींतील सरकारी संग्रहालयें फुकट पाहतां येतात, तो रविवार साधला तर पैशांचीही बचत होते. एक अडचण मात्र आधींच सांगून ठेवतों. विलायतेचा व्हिसा इटलीस चालत नाहीं. त्यासाठीं शेंगेन व्हिसा निराळा काढावा लागतो, आणि त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें. जर्मनी, हॉलंड, फ्रान्स येथें ज्यांचीं मुलें आहेत त्यांस हा व्हिसा मिळालेलाच असतो, त्यांनीं ही संधि दवडूं नये.

पत्र लिहिणाऱ्या बाई लंडनजवळ, म्हणून त्यांस फ्लॉरेन्स दूर. त्यांस आम्हीं ब्रायटनचें नांव कळविलें. लंडनहून आगगाडीनें तासाभराच्या वाटेवर हें समुद्रकांठचें गांव आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१४ पासून १९१६ पर्यंत, तेथील राजवाड्यांत जखमी हिंदी शिपायांचें रुग्णालय होतें. फ्रान्सच्या चिखलांत लढलेलीं माणसें त्या मनोऱ्या-घुमटांच्या दालनांत खाटांवर पडलेलीं असत. जे हिंदु आणि शीख शिपाई वांचले नाहींत, त्यांतील ५३ जणांचें दहन गांवाबाहेर पॅचम येथील टेकडीवर झालें. त्या जागीं पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली असून तिचें नांवही 'छत्री' असेंच आहे. तिचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नांवाच्या वास्तुविशारदानें केला, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजीं इंग्लंडच्या युवराजांनीं ती उघडली. त्याच युवराजांच्या हस्तें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, शाहू महाराजांच्या पुढाकारानें, पुण्यास शिवस्मारकाची कोनशिला बसली. छत्रीपर्यंत मोटार जात नाहीं. गवतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून पायीं चढावें लागतें. दरवर्षीं जून महिन्यांत तेथें स्मरणविधि होतो.

बाईंचें दुसरें पत्र आलें. गृहस्थांचें इंग्रजी लेखन उत्तम, परंतु बोलण्याची त्यांस भीड. सहा आठवड्यांत ते दुकानदाराशीं एक शब्द बोलले नव्हते. पॅचमला वाट चुकल्यावर मुलानें खिशांतून फोन काढला, तो यांनीं कुत्रें फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्यास गांठून वाट विचारली. तो म्हातारा टेकडीपर्यंत बरोबर आला. दोघे वाटेंत काय बोलले तें बाईंस कळलें नाहीं, कारण त्या आणि सूनबाई मागें राहिल्या होत्या. तिकीट बदललें नाहीं असें पत्राच्या शेवटीं एका ओळींत आहे. पुढच्या रविवारीं सूनबाईंनीं होऊन विचारलें, "बाबा, आतां कोठें?"

लंडन शहरांतच आपल्या लोकांचीं तीन घरें आहेत, तीं थोडक्यांत सांगतों. चिरोल साहेबावरील बदनामीच्या खटल्यासाठीं लोकमान्य टिळक १९१८ सालीं तेथें गेले. हॉवली प्लेस येथील ज्या घरीं ते राहिले त्यावर निळी पाटी आहे. हायगेट भागांत क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ सालीं उघडलेलें इंडिया हाउस होतें. १९०६ मध्यें आलेले सावरकर तेथें राहिले, त्यांच्याही नांवाची पाटी आहे. हीं दोन्ही घरें आतां खासगी असल्यानें रस्त्यावरूनच पाहावीं. घंटी वाजवून गृहिणीस त्रास देऊं नये. तिसरें घर किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरचें. तेथें १९२१-२२ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. महाराष्ट्र सरकारनें तें २०१५ सालीं विकत घेतलें आणि तेथें स्मारक केलें.

आमच्या वर्गांतील पुष्कळ मंडळी पहिलीं दोन घरें पाहून परततात, हें आम्हांस ठाऊक आहे. तिसऱ्याविषयीं विचारलें कीं वेळ नव्हता म्हणतात. हें आम्हांस मान्य नाहीं. कोल्हापूरकरांस तर मुळींच शोभत नाहीं. १९२० च्या मार्चमध्यें माणगांवची परिषद भरली, तींत शाहू महाराजांनीं बाबासाहेबांस गौरविलें. त्याच उन्हाळ्यांत ते पुन्हा लंडनला शिकावयास गेले, आणि त्या शिक्षणास महाराजांचें द्रव्यसाह्य होतें. करवीरच्या पैशाचा इतका चांगला उपयोग क्वचित् झाला असेल. ज्या घरीं विद्येसाठीं माणूस अर्धपोटीं बसून वाचीत असे, तें घर विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबांनीं टाळावें, ही गोष्ट नातवंडांस समजावून सांगतांना आजोबांची जीभ अडखळल्यावांचून राहणार नाहीं.

अमेरिकेस जाणाऱ्यांसाठीं एकच स्थळ सांगतों. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव घरोघरीं ठाऊक आहे. काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, श्री. ज. जोशी यांची कादंबरी आमच्या पिढीनें वाचली. १८८३ सालीं त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं लेकीसारख्या राहिल्या, आणि मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांतून एम. डी. झाल्या. पुढचा भाग मात्र कोल्हापुरांतही थोड्यांसच माहीत असतो. कोल्हापूर दरबारानें त्यांची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर केली होती. तेंच रुग्णालय आजचें सी. पी. आर. आनंदीबाई परत आल्या त्या क्षयानें पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या गेल्या, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. कोल्हापूरच्या त्या दालनांत त्यांचें पाऊल कधीं पडलेंच नाहीं. राजवाड्याकडे जातां-येतां त्या इमारतीवरून आम्ही आयुष्यभर गेलों आहों. रुग्णांच्या नातलगांची ती गर्दी पाहून, येथें कोण यावयाचें होतें हें मनांत येतें.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं ती आपल्या कुटुंबाच्या जागेंत, न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी गांवच्या स्मशानभूमींत ठेवविली. शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा आशयाचा लेख त्या दगडावर आहे. समुद्र ओलांडल्याबद्दल ज्या समाजानें त्यांस बोल लावले, त्याच समाजाच्या लेकी-सुना आज त्या राज्यांत हजारांनीं राहतात, आणि बहुतेकींस हा दगड ठाऊक नसतो. एखाद्या सासूनें सुनेस तेथें नेलें तर कसें, असें आमच्या मनांत येतें. दोघींस एकमेकींशीं बोलावयास तेथें जितकें मिळेल तितकें स्वयंपाकघरांत मिळत नाहीं.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून पोकिप्सीस गाडी जाते, सुमारें दोन तास लागतात, आणि गाडीचें शेवटचें स्थानक तेंच असल्यानें उतरण्याची चूक होत नाहीं. स्थानकावरून स्मशानभूमीपर्यंत भाड्याची मोटार करावी. थंडींत बर्फानें दगड झांकले जातात, म्हणून एप्रिलनंतर जावें. कचेरींत नांव सांगितलें कीं जागा दाखवितात. जातांना गाडींत डाव्या बाजूची खिडकी धरावी; हडसन नदी त्या बाजूनें पोकिप्सीपर्यंत सोबत असते.